आज कोणता दिवस?

साध्या दिवसाला साधं राहू न देणारी बाई अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच आहे, आणि ती माझी आकडसासू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीला आकडसासू का म्हणतात, हे मला लग्नानंतर बरीच वर्षं कळलं नव्हतं. तिने सुकापूरला बालवाडी काढली आणि तिचा आकडा माझ्या सदऱ्यात अडकला, तेव्हा कळलं. एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर एक डोळा मोठा नि एक बारीक झालेला हत्ती, आणि दारातच एक फळा. त्या फळ्यावर ती रोज सकाळी दिवसाचं नाव लिहिते. सोमवार, मंगळवार वगैरे नव्हे. ते तिच्या मते नोकरदारांचे दिवस. तिच्या फळ्यावर 'पिवळा दिवस' असतो, 'आंबा दिवस' असतो, 'उलटा दिवस' असतो. उलट्या दिवशी मुलं आधी डबा खातात, मग प्रार्थना म्हणतात आणि शाळा सुटली की "ताई, आम्ही आलो!" असं ओरडत घरी जातात. कोऱ्या फळ्याचं तिला लसणीसारखं वावडं आहे.

बालवाडी सुटली म्हणून दिवस सुटत नाही, ही खरी गोम. पिवळ्या दिवशी तिच्याकडे जेवायला गेलात तर पिठलं, पिवळा भात आणि वर केळं. एकदा लाल दिवशी निळा शर्ट घालून नळ दुरुस्त करणारा आला. बाईंनी त्याला दारात थांबवून कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि मगच मोरीकडे सोडलं. तेव्हापासून तो यायच्या आधी फोन करतो, "ताई, आज कोणता कलर हाय?" माझ्या तर अर्ध्याअधिक किरकोळ रजा तिच्याच पायी संपतात. ग्रह दिवसाला तिने मला ओळीच्या शेवटी उभं केलं आणि म्हणाली, "जावई म्हणजे दहावा ग्रह. भाऊजी, तुमची जागा ठरलेलीच आहे." झाड दिवसाला मी झाड होतो. मुलांनी माझ्या फांद्यांना पाण्याच्या बाटल्या अडकवल्या आणि एका गुणी मुलाने खत म्हणून केळ्याची साल माझ्या बुटात घातली. पक्षी दिवसाला आम्ही मुलं घेऊन कर्नाळ्याला गेलो. मुलांनी बसमधून उतरताच जो जल्लोष केला, त्याने तिथले पक्षी जे उडाले ते आम्ही निघेपर्यंत परतले नाहीत. मुलं हिरमुसली. बाई मात्र मजेत. म्हणाल्या, "अरे, आपल्याला नसतील दिसले, पण त्यांना आपण दिसलो ना? आज त्यांचा माणूस दिवस होता!" अशा वेळी माणसाने डबा उघडून पोळीचा लाडू खावा.

अशा या बाईला यंदा भार्गवीने हरवायचंच बाकी ठेवलं होतं. भार्गवी समुद्रकाठच्या मोरा गावच्या कोळीवाड्यातली. बाप बंदरात नोकरीला, आईही कामाला जाणारी, म्हणून त्यांनी सुकापूरला जागा घेतली आणि लेकीला इथे आणलं. तिला रमवायला मोऱ्याहून आजी आली होती. भार्गवी रोज फाटकापाशी येई ती आजीच्या पदराचं टोक मुठीत आवळूनच. ती मूठ सोडवताना जे रडणं होई ते कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जाई. मग आजी बाहेर पायरीवर बसून राही आणि भार्गवी आत खिडकीला नाक लावून. बोलणं म्हणाल तर एक शब्द नाही. पिवळा, लाल, आंबा, उलटा, सगळे दिवस आले आणि तिच्या पाठीमागून निघून गेले. शेवटी आजी म्हणाली, "पोर रमत नाय बाय. दसऱ्यापावतर बगते, नायतर नेते परत मोऱ्याला. तितं बोलते तरी." म्हणजे आईबाप इथे आणि लेक तिकडे. भार्गवीची आई ते ऐकून रडकुंडीला आली होती, आणि आमच्या ताईंचंही काही फार बरं नव्हतं. त्या दिवशी त्या आमच्याकडे जेवायला आल्या आणि भाजीच्या रंगावर काही न बोलता जेवल्या. माझी बायको घाबरलीच. "ती माझ्या फळ्याकडे बघतच नाही हो भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या. एवढ्या उत्साही बाईला इतकं खचलेलं पाहून मला खरोखर वाईट वाटलं.

दसरा जवळ आला तसा बाईंनी किडा-मुंगी दिवस जाहीर केला. पालकांच्या ग्रुपवर कोणी काय व्हायचं ते टाकलं. कोणी फुलपाखरू, कोणी नाकतोडा, कोणी सुरवंट, आणि भार्गवी कोळी. कोळ्याला काही बोलावं लागत नाही, जाळ्यात बसून राहिलं की झालं, असा त्यामागे विचार होता. एका जाणकार बाबांनी लगेच लिहिलं, "मॅडम, कोळी टेक्निकली कीटक नाही. त्याला आठ पाय असतात." बाईंनी उत्तर दिलं, "मग काय, पाय जास्त आहेत म्हणून त्याने वर्गाबाहेर बसायचं?"

तो दिवस उजाडला. डोक्याला दोन स्प्रिंगा लावलेला मुंगळा, म्हणजे मी, स्टुलावर चढून खिडकीपासून कपाटापर्यंत लोकरीचं जाळं बांधत होतो. फाटकातून मुंग्या येत होत्या, फुलपाखरं येत होती. इतक्यात आधी एक वास आला आणि मागोमाग भार्गवी आली. कोळी पद्धतीने नेसवलेलं हिरवंगार लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, कपाळावर आडवं कुंकू, डोक्यावर टोपली आणि टोपलीत खरेखुरे सुके बोंबील! बापाने ड्युटीवरून घाईघाईत मेसेज वाचून आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की भार्गवीला कोळी करून पाठवायचंय. आजीच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

"अय्या, स्पायडर होता ना?" एका फुलपाखराची आई नाकाला रुमाल लावून म्हणाली. नाकतोडा ओरडला, "ही किडा नाहीचे!" आणि सगळे किडे खो खो हसले. भार्गवीचा हात गपकन आजीच्या पदराकडे गेला. आजीचा चेहरा उतरला. "कोली बनवा सांगलं ना तुमी? आता कोली काय बनवायची? कोलीच हाय ती," ती म्हणाली आणि नातीला घेऊन वळली. "चल ग बाय. आपलं चुकलं."

"कोणाचं चुकलं?" आमच्या ताई कडाडल्या. त्यांनी आपल्या नव्या साडीच्या पदरानेच फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कोळी दिवस'. "मुलांनो, कोळी काय विणतो?"

"जाळं!"

"मग हिच्याकडे नसेल जाळं? आपल्याकडचं बघा, मुंगळ्याने विणलंय म्हणून असं झालंय."

आजीने वळून माझं जाळं पाहिलं. हात लावून पाहिला. "ह्याच्यान मासा काय, माशी बी नाय घावनार," ती म्हणाली, आणि राहवेना म्हणून आत येऊन खाली बसली. माझी सगळी लोकर सोडवली आणि भराभरा गाठी मारत खरं जाळं विणायला लागली. किडे तिच्याभोवती गोळा झाले. नाकतोड्याने तर आपणहून अडकून दाखवलं. आजी विणण्यात गुंतली आणि पदर नुसताच लोंबत राहिला, तो धरायला कोणी नव्हतं. भार्गवी टोपली घेऊन वर्गातून हिंडत होती.

मी तिच्यापुढे वाकलो. "ताई, बोंबील द्या की."

तिने माझ्या स्प्रिंगा न्याहाळल्या. टोपली भरलेली होती, तरी कमरेवर हात ठेवून ती ठसक्यात म्हणाली, "आज नाय. उद्या ये."

वर्गातला तो तिचा पहिला शब्द. आजीचे हात गाठीवरच थांबले. 'उद्या' तिने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीला जाण्याआधी मी आमचं स्टूल परत न्यायला गेलो. भार्गवी साधा फ्रॉक घालून एकटी आत आली आणि दप्तर खुंटीला लावून कालच्या नाकतोड्याशेजारी बसली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. फाटकात आजी उभी होती, पदराचं चुरगळलेलं टोक तळहातावर घेऊन सारखं करत. "मोकली झाले मी," ती म्हणाली. "आता जाते मोऱ्याला. माजं काय काम हितं?" ती हसत होती, पण डोळे भरले होते.

मी दाराशी पाहिलं तर फळा कोरा. "ताई, आज कोणता दिवस?" मी विचारलं.

"राहू द्या भाऊजी. आज नुसताच दिवस," असं म्हणून त्यांनी खडू ठेवला, फाटकाबाहेर गेल्या, आणि आजीच्या पदराचं ते टोक आपल्या मुठीत घट्ट धरलं. रिक्षा आली तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं.