सुमनच्या दारात उभं केलेलं माहेर

"घर बांधायला घेतलंय," एवढंच सांगून आमचे हे कारखान्यात मुक्कामालाच गेल्यासारखे झाले. मला वाटलं, देवपुरातल्या घराला एक खोली वाढणार. एक दिवस डबा घेऊन गेले, तर अंगणात जुना ट्रक उभा, आणि त्याच्या पाठीवर खिडक्या-दारांसकट खोली!

धुळ्यात आग्रा रोडवर आमचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. सगळा रस्ता ह्यांना नाना म्हणायचा, म्हणून इथे मीही नानाच लिहिते. नाव घ्यायची सवय मला आजही नाही. गोष्ट सत्तरच्या दशकातली. आता तयार घरगाड्या भाड्यानं मिळतात, लोक फोटो काढत हिंडतात. नात म्हणाली, "आजी, तुमची सफर लिही, मी ब्लॉगवर टाकते." तर लिहिते. कुणी धुळ्याहून पूर्वेला गाडीनं निघणार असेल त्याला रस्ता कळेल, आणि काय करू नये तेही कळेल.

आधी निघायचं कारण. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खातात. आमची एकुलती सुमन लग्न होऊन पार ओरिसात गेली होती. जावईबापू मूळचे चोपड्याचे, पण नोकरी राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी विहीणबाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांना टाकून सुमन येणार कशी? पहिल्या आखाजीला पोरीनं रडून पत्र लिहिलं. दुसऱ्या वर्षी लिहिलं, बघते, जमलं तर. तिसऱ्या वर्षी गायीची, पावसाची, शेजाऱ्यांची चौकशी केली, आणि आखाजीचं नावच नाही. मला तेच लागलं. लेक माहेर मागत होती तोवर बरं होतं. मागणंच सोडलं म्हणजे काय समजायचं?

"मग आपण जाऊ ना तिच्याकडे," मी म्हटलं.

"जाऊ. पन पोरीना घरनं पानी मी पिवाव नही," नाना म्हणाले.

आमच्या घरात तशी रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझे सासरे शिरपूरला लेकीकडे जाताना घरून तांब्या भरून न्यायचे आणि तो संपला की उठायचे. नाना त्यांचेच चिरंजीव. पण शिरपूर कुठे आणि ओरिसा कुठे! तेवढा तांब्या कुठून आणणार? म्हणून त्यांनी घरच न्यायचं ठरवलं. पोरगी माहेरी येऊ शकत नाही ना, मग माहेर तिच्या दारात उभं करू, म्हणाले. नवऱ्याचा हट्ट आणि माया यातलं काय कुठे संपतं ते मला कधी कळलं नाही.

गाडी मात्र झकास होती. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या झोपायच्या जागा, त्यांच्या पोटात धान्याचे डबे, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचं पिंप, खिडक्यांना माझ्या जुन्या लुगड्याचे पडदे. झोक्याची पाटी आणि दोर टपावर. पांझरेकाठच्या कुंभाराकडून मी नवं खापर घेतलं. ते चुलीवर पालथं ठेवून त्याच्या पाठीवर हातभर रुंद पोळी भाजायची; खापर नाही तर आखाजीची पोळी नाही. मी ते भुशाच्या टोपलीत ठेवत होते. नाना म्हणाले, "टोपली उडेल. दे इकडे." आणि त्यांनी ते भिंतीला लोखंडी पट्टीत घालून चार बोल्टांनी आवळलं. हलवून दाखवलं. काही हललं नाही.

पहाटे निघालो. ऊन व्हायच्या आत भुसावळ गाठायचं असा बेत. पण खानदेशातून घरगाडी घेऊन जाणाऱ्यानं बेत करू नये. पारोळ्याला नानांचे जुने गिऱ्हाईक रस्त्यातच आडवे आले.

"नाना, हाई ट्रक शे का घर शे?"

"दोन्ही शे."

"मंग घरमा चहा पाजा!"

पाजला. त्यांच्या मागून अर्धी पेठ चढून आली. बायांनी डबे उघडून पाहिले, एका आजीबाईनं झोपून पाहिलं आणि खाली उतरायला नकार दिला. एरंडोलला तेच. दुपारी जळगावला पोचलो ते थेट पिंप्राळ्याला माझ्या बहिणीकडे. ती म्हणाली, "अक्का, बठ्ठं लिधं ना?" म्हणजे सगळं घेतलंस ना, आणि उत्तराची वाट न पाहता ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, कळण्याच्या भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ, मिरचीचा ठेचा आणि केळीचा अख्खा घड गाडीत चढवला. रात्री शेवभाजी इतकी झणझणीत, की नानांच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाले, सुमनची आठवण आली. मी म्हटलं, मिरचीचीही आली असेल.

दुसऱ्या दिवसापासून गाडी खरी धावली. मलकापूर, अकोला, अमरावती, नागपूर. रस्ता एकपदरी, समोरून ट्रक आला की एक चाक मातीत उतरवायचं. उन्हाळ्यात जाणार असाल तर एकच सांगते: अकरा ते चार चालवूच नका. आम्ही आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या सावलीला थांबायचो, मी पिठलं-भाकरी टाकायची, नाना चाकांवर पाणी मारायचे. ट्रकवाले आमचं दार उघडं पाहून भाकरीच्या वासानं थांबायचे. भंडाऱ्यापुढे दीड रुपयात दोघांचं पोटभर जेवण मिळालं. भाताचा डोंगर आणि वरण मागाल तेवढं. नाना म्हणाले, सगळं ठीक, पण तिखट कुठेय? ठेच्याचा डबा तिथेच अर्धा झाला.

मध्य प्रदेशच्या नाक्यावर अडलो. आमच्या पेंटरनं सवयीनं गाडीच्या कपाळावर 'पब्लिक कॅरियर' रंगवून ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं तीच अक्षरं पाहणाऱ्या नानांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, "माल क्या है?"

"माल नहीं, घर है," नाना म्हणाले.

"घर का बिल दिखाओ."

मी दार उघडलं. आत अडकल्या वेळात लावलेला कुकर शिट्ट्या मारत होता, दोरीवर नानांचं धोतर वाळत होतं. शिपायानं माझ्याकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं. "और कौन है अंदर?"

"बस, हम दोनों. बेटी का मायका ले जा रहे हैं," मी म्हटलं.

त्यानं फाटक वर केलं आणि जाताना म्हणाला, माझीही बहीण लांब दिली आहे.

रायपूर ओलांडलं आणि रस्ता संपला असं म्हणायला हरकत नाही. खड्ड्यांत कुठे कुठे रस्ता होता. सरायपालीच्या अलीकडे चहाला थांबलो, मी आत गेले, आणि पाहते तर खापर तीन तुकडे होऊन पट्टीत तसंच घट्ट बसलेलं. टोपलीतली दोन मडकी आणि काचेच्या बरण्या मात्र भुशात डुलत डुलत धड आल्या होत्या.

मी मटकन बसले. आखाजी परवावर आली होती. घर आणलं, झोका आणला, डाळ-गूळ आणला, आणि जिच्यासाठी पोरगी लहानपणी चुलीपुढून हलायची नाही ती पोळीच व्हायची नव्हती. रडूच आलं मला.

नाना बोल्टांवर हात फिरवत उभे राहिले. "जन्मभर बॉड्या बांधल्या," म्हणाले, "लाकडाला हलायला खेळ ठेवतो मी. मातीला ठेवायचा विसरलो."

त्यांना एवढं पडलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून मग मलाच उठावं लागलं. संबळपूरच्या बाजारात कुंभार बसले होते. तिकडे खापर कुणाला ठाऊक? मी सगळ्यात मोठी, गोल पोटाची घागर घेतली, वाजवून पाहिली आणि कुंभाराच्या देखत दगडानं तिचा गळा उडवला. तो ओरडलाच. चांगली घागर घेऊन फोडणारी बाई त्यानं कशाला पाहिली असेल! मी कडा घासून नीट केल्या, पालथी घालून हातानंच पोळी पसरून दाखवली, तेव्हा कुठे तो हसला. या वेळी टोपलीत भुसा नानांनी भरला. त्यांनी टोपली मांडीवर घ्यायला सांगितली, ती राउरकेल्यापर्यंत घेतली.

कारखान्याची वसाहत सरळ रेघांची, घरं सारखी, झाडं नुकती लावलेली. सुमन फाटकात उभी होती. वाळली होती. गाडीकडे पाहून आधी हसली, आत शिरली, माझ्या लुगड्याचा पडदा ओळखला, आणि तिथेच फळीवर बसून हमसाहमशी रडली. मी विचारलं, आखाजीचं का लिहिलं नाहीस गं?

"आखाजीचं लिहिलं की माझ्या काळजीनं तुम्ही दोघं जेवत नाही, मला माहीत आहे," ती म्हणाली. एवढंच होतं ते. मी उगाच इतके दिवस मनाला लावून घेतलं होतं.

आखाजीला नानांनी दोन वासे टपावरून मागे काढून बांधले आणि गाडीलाच झोका टांगला. वसाहतीतल्या बंगाली, पंजाबी, तेलुगू बाया रांगेनं झोका घ्यायला आल्या. सुमन गाणी म्हणत होती आणि एकीलाही कळत नव्हती, तरी सगळ्या टाळ्या देत होत्या. तीन दगडांच्या चुलीवर संबळपूरची घागर तापली. पहिली पोळी फाटली, दुसरी करपली, तिसरी उतरली ती थेट देवपूरची. सुमननं उभ्या उभ्या खाल्ली.

विहीणबाईंना खाटेवरून उठता येत नव्हतं. त्यांचं ताट घेऊन मी आणि नाना आत गेलो. त्यांनी पोळीचा घास घेतला, डोळे मिटले. मग सुमनला म्हणाल्या, "बेटा, नानांना पाणी दे."

सुमन तिथेच थबकली. नाना म्हणाले, "गाडीत आहे माझं पाणी."

"मला माहीत आहे तुमची रीत," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्यातही तीच. पण तीन वर्षं मी हिच्या हातचं पाणी पिऊन जगते आहे, नाना. हिला मी दोन वर्षं म्हणते, माहेरी जाऊन ये. ही म्हणते, तुम्हाला पाणी कोण देईल? त्या हाताचं पाणी तुम्हाला चालत नसेल तर मग ते चांगलं कुणाला?"

सुमन पेला भरून नानांपुढे उभी राहिली. मी नानांकडे पाहिलंच नाही, मला धीर नव्हता. मग पेला ठेवल्याचा आवाज आला. रिकामा.

"अजून दे," नाना म्हणाले.

आम्ही आठवडाभर राहिलो. सुमन दुपारी गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, तेवढा वेळ मी विहीणबाईंजवळ शेजारणीला बसवायचे. निघताना माहेरवाशिणीची बोळवण करायची म्हणून मी तिची ओटी भरली, आणि जावईबापू रीतसर तिला न्यायला आले, फाटकापासून गाडीपर्यंत. दहा पावलांचं सासर, पण पोरगी रडली पुरती.

परतीचा रस्ता तोच, खड्डे तेच. धुळ्याला पोचल्यावर लोक विचारायचे, काय पाहिलंत? मी नाक्यावरच्या शिपायाबद्दल, घागर फोडल्याबद्दल सांगायचे. पाण्याचं सांगितलं नाही. ते नानांचं होतं. संबळपूरची घागर अजून माझ्याकडे आहे, तिच्यावर पोळ्या आमच्या खापरापेक्षा बऱ्या होतात, हे कुंभाराला कळवायचं राहून गेलं.

पुढच्या आखाजीच्या आधी एक गिऱ्हाईक आलं आणि नानांनी गाडी विकून टाकली. मी भांडले. म्हटलं, आता सुमनकडे जायचं कसं, आणि खायचं-प्यायचं कुठे?

नाना आगगाडीची तिकिटं खिशातून काढत म्हणाले, "घर कशाला न्यायचं? तठे घर शे ना आपलं."