धरणाचा कटला, तळ्याचा कटला

कोळवण खोऱ्यातल्या माहेरी अनसूयाबाईंना सगळे 'उचापती' म्हणायचे. ओढ्यातला दगड उलटून त्याखाली काय आहे ते बघितल्याशिवाय ही पोर पुढे जायची नाही. लग्न होऊन त्या भूगावला आल्या. बघता बघता सासरच्या भातखाचरांच्या जागी इमारती उठल्या, घरावर मजले चढले, वरच्या खोल्यांत भाडेकरू आले. खोड मात्र तशीच राहिली. भाडेकरूच्या गावाकडे कुठली डाळ पिकते, तो कंपनीत दिवसभर नेमकं करतो काय, हे कळेपर्यंत बाईंच्या जिवाला चैन नसायची.

त्यांच्या वरच्या खोलीत किमया राहायची. मूळची उदगीरची, हिंजवडीत नोकरीला. घरी कुणी मासे खात नसे. इथे आल्यावर अनसूयाबाईंच्याच हातचं कालवण खाऊन तिला गोडी लागली. त्यामुळे चौकात साहिल नावाच्या तरुणाने मासळीचं दुकान उघडलं, तेव्हा दोघी मिळूनच बघायला गेल्या.

दुकान चकचकीत होतं. बर्फावर कटला मासे मांडलेले, आणि वर मोठी पाटी : 'मुळशी धरणाचा मोकळा मासा. तळ्यात पाळलेला नाही.'

अनसूयाबाई ट्रेवर वाकल्या. एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून.

"काय गं किमया, ह्या काय इटा हायेत का?"

"म्हणजे?"

"आगं सगळे येका मापाचे. धरणात लहान-मोठं सगळंच जाळ्यात येतं. हे साच्यातनं काढल्यावानी कसं?"

साहिल हसला. "मावशी, गिऱ्हाईकाला एकसारखा माल लागतो. मोठे-छोटे आम्ही बाजूला काढतो."

उत्तर पटण्यासारखं होतं, तरी बाईंना ते पटलं नाही. घरी येताना त्या म्हणाल्या, "धरणाचा मासा हाय का तळ्यातला, ते मी जिभंवर ठेवल्या ठेवल्या सांगंन. आमी नदीच्या माशावर वाढलोय."

"खरंच ओळखू येतं, काकू?"

"व्हय तर!"

"मग बघूया का?" किमयाचे डोळे चमकले. "मी कोथरूडहून एक आणते. तिथे एका दुकानात स्वच्छ लिहिलेलं असतं, तळ्यात पाळलेला म्हणून. धरणाचा तुम्ही आणा. मी शिजवते, तुम्ही ओळखा."

पैज लागली. अनसूयाबाईंचे यजमान शंभूराव मोटारसायकलवरून धरणाकाठी गेले आणि भैरूकडून कटला घेऊन आले. भैरू त्यांचा जुना ओळखीचा, धरणात जाळी टाकणारा. त्याच्या होडीतून मासा थेट पिशवीत पडला, तेव्हा शंका घ्यायला जागाच नव्हती.

रविवारी किमयाने दोन्ही मासे फक्त हळद-मीठ लावून वाफवले. मसाला घातला तर चव झाकली जाईल, असं तिचं म्हणणं. दोन ताटल्या समोर आल्या. शंभूरावांनी दोन्हींतले दोन-दोन तुकडे संपवले आणि जाहीर केलं, "मासा हाय. चांगला हाय." त्यापुढे ते काही बोलायला तयार होईनात.

अनसूयाबाईंनी डोळे मिटले. पहिला घास घोळवला, पाणी प्यायल्या, दुसरा घास घेतला. मग ठामपणे दुसऱ्या ताटलीवर बोट ठेवलं.

"ह्यो धरणाचा. गोडी बघ की त्याची! त्यो पहिला मातकट लागतोय, त्यो तळ्यातला."

किमया ओठ दाबून उभी राहिली. "काकू, दुसरा कोथरूडचा."

"काय बोलतीस!"

"पहिला भैरूदादांचा."

बाईंनी पुन्हा दोन्ही घास खाऊन बघितले. पुन्हा तळ्यातलाच गोड लागला. शंभूराव मान खाली घालून हसत होते. अनसूयाबाई क्षणभर ओशाळल्या आणि मग स्वतःच खदखदून हसायला लागल्या. पण हसता हसता त्यांच्या मनात एक प्रश्न शिरला. आपल्या जिभेला कळत नाही, तर मग कळतं कुणाला? पाटीवर लिहिलेलं खरं की खोटं, हे गिऱ्हाइकाने ताडायचं तरी कसं?

पुढच्या दिवसांत वळवाची वादळं सुरू झाली. दुपार कलली की वारा सुटायचा आणि पौडच्या रस्त्याने धुळीचे लोट यायचे. अनसूयाबाई रोज चौकातून जाता-येता साहिलच्या दुकानात डोकवायच्या. ट्रे भरलेला, मासे एका मापाचे, पाटी जिथल्या तिथे. शेवटी एका सकाळी त्यांनी एसटी पकडली आणि धरण गाठलं.

भैरू काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता. होडी पालथी घातलेली.

"आक्का, तुमी हितं कशा?"

"इचारायला आले. तुजा मासा आन् तळ्यातला मासा, फरक कसा वळखायचा?"

भैरूने कानशिलापाशी खाजवलं. "जाळ्यात मुंडकं अडकलं तर कल्ल्यामागं दोऱ्याचा वळ उठतो. पर ओढायच्या जाळ्यानं धरला तर वळ न्हाई उठत. आन् येकदा का मासा बर्फावर गेला, मंग खरं सांगू? मलाबी न्हाई कळायचा. मी काढतो म्हून मला ठावं."

"आन् त्यो भूगावचा साहिल? त्यो तुज्याकडनंच नेतो ना?"

"न्हेतो की. घावंल तवा. पर ह्या वाऱ्यात कुटं होडी घालू? आठ-धा दिस झालं, कुनीच जाळं टाकल्यालं न्हाई."

अनसूयाबाईंची नजर पालथ्या होडीकडे गेली. आठ-दहा दिवस धरणातून मासाच निघालेला नव्हता, आणि साहिलचा ट्रे एक दिवसही रिकामा दिसला नव्हता. जीभ जे सांगू शकली नाही, ते पालथ्या होडीने सांगून टाकलं.

परतीच्या एसटीत त्यांनी बरंच काय काय ठरवलं. चौकात उभं राहून आरडाओरडा करायचा, चार बायका गोळा करायच्या. पण दुकानापाशी पोचेपर्यंत राग निवला आणि कुतूहल उरलं. ह्या पोराने असं का केलं असेल? दुकानात गिऱ्हाईक नाही, हे बघून त्या आत शिरल्या.

"साहिल, मी धरणावर जाऊन आले. होडी काठाला पालथी पडलीये. मंग ह्यो मासा कुटला रं?"

साहिलने हातातला सुरा खाली ठेवला. "इंदापूरकडच्या तळ्यांतला, मावशी. पहाटे गाडी येते. भैरूदादांचा आला तर तोही ठेवतो. पण तो रोज नसतो."

"मंग तसं लिव की."

"सुरुवातीला लिहिलं होतं. लोक वाचायचे आणि मागं फिरायचे. तळ्यातला म्हटलं की तोंड वाकडं करतात. बंगलेवाले तर पहिला प्रश्न तोच विचारतात, धरणाचा आहे ना? हो म्हणत गेलो, मग पाटीच केली." त्याचा आवाज खाली आला. "मासा ताजाच देतो, मावशी. त्यात कधी खोट नाही."

"मासा ताजा हाय रं, पर पाटी शिळी हाय," बाई म्हणाल्या. मग तिथल्या स्टुलावर बसून त्यांनी आपली सगळी फजिती सांगितली. पैज कशी लावली, डोळे कसे मिटले, आणि तळ्यातल्या माशाला धरणाचा म्हणून कशी शाबासकी दिली. साहिलला हसू आवरेना.

"आता तूच सांग," बाई पुढे झाल्या. "तळ्यातला मासा इतका गोड, तर त्याचं नाव कशापायी लपवायचं? लोकांना खाऊन ठरवू दे. उद्या त्यांनाबी कुनीतरी सांगनारच, होडी पालथी हाय म्हून. तवा तुजा ताजा मासाबी कुनी घेनार न्हाई."

साहिलने लगेच काही कबूल केलं नाही. पण दोन दिवसांनी किमया ऑफिसातून परतली ती पळतच अनसूयाबाईंकडे आली. दुकानात दोन ट्रे लागले होते. भरलेल्या ट्रेवर लिहिलं होतं, 'तळ्यात पाळलेला, इंदापूर.' रिकाम्या ट्रेवर, 'धरणाचा. वाऱ्यामुळे आज नाही.'

काही गिऱ्हाइकं तुटली. त्यातली सगळी परत आली असं नाही. पण अनसूयाबाईंनी किमयाच्या मदतीने आसपासच्या बायकांना रविवारी घरी बोलावलं आणि डोळे मिटून घास चाखायचा तोच खेळ मांडला. कुणी बरोबर ओळखलं, कुणी साफ फसलं, आणि घरभर वाद पेटला. त्या दिवसापासून भूगावातल्या बायका मासे घेताना तोंडावर विचारायला लागल्या, "पाळलेला का मोकळा? कुठून आला? बिलावर लिहून देता का?" एका दुकानदाराने त्यांना हाकलून लावलं. दुसऱ्याने मात्र पिशवीवर 'खाडीची' छापलेली कोळंबी निमूटपणे 'पाळलेली' म्हणून द्यायला सुरुवात केली.

पावसाळा सरत आला, तेव्हा भैरूचा निरोप आला : धरणात माशाचं बी सोडायचंय, बघायला या. अनसूयाबाई किमयालाही घेऊन गेल्या. टेम्पोतून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उतरत होत्या. प्रत्येकीत पाणी, आणि पाण्यात बोटाएवढी पिल्लं सळसळत होती.

"हे काय?" किमयाने विचारलं.

"कटल्याची बोटुकली," भैरू म्हणाला. "हिकडं कटला आपसूक न्हाई होत. दर साली बी आनून सोडावं लागतं. पुढं त्याचं त्ये वाढतं."

किमया थबकली. "म्हणजे धरणाचा मासासुद्धा... मग त्याला मोकळा म्हणायचं की पाळलेला?"

"जल्मला येकीकडं, वाढला दुसरीकडं," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुज्यासारका. तुला गाव इचारलं की तू काय सांगतीस?"

"उदगीर. आणि मग भूगाव."

"मंग दोनीबी लिवायचं. साहिलला सांगते."

पिशव्या आधी तशाच पाण्यात तरंगत ठेवायच्या होत्या. आतलं पाणी आणि धरणाचं पाणी सारखं गार व्हायला हवं, नाहीतर पिल्लं दगावतात. अनसूयाबाईंनी लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या. थोड्या वेळाने भैरूने एक पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी गाठ सोडली, तोंड हळूच पाण्याखाली वाकवलं. पिल्लं घटकाभर तिथेच घोटाळली, मग एकाएकी वळली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.

"भैरू, आता ही पयल्यांदा खानार काय रं?" बाईंनी पाण्यात वाकून विचारलं.