मामाचा पाय आणि भाचीचा हात

"हात नोको लावू, निकिता!" असं ओरडून तुळशीराम बाबाजींनी टबातला पाय इतक्या जोरात ओढला, की अर्धं पाणी माझ्या पँटवर.

घोडं कुठं अडलं होतं, ते तेव्हा कळलं.

मी आरोग्य खात्यात हत्तीरोगाचं काम करतो. हा रोग डासामुळे पसरतो. त्याचे बारीक कृमी शरीरात वर्षानुवर्षं राहतात आणि पाय सुजवतात. जगातले कितीतरी देश तो संपवायच्या मागे लागलेत. एकीकडे गावातल्या सगळ्यांना गोळ्या खाऊ घालायच्या, म्हणजे रोग पुढे जात नाही. दुसरीकडे, ज्याचा पाय आधीच सुजला त्याचा पाय सांभाळायचा, कारण गोळीनं तो बारीक होत नाही. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की कातडी चिरते, जंतू शिरतात, थंडीताप भरतो. दर तापाला पाय आणखी जाड. इलाज साधा आहे. रोज साबणानं धुवा, कोरडा करा, मलम लावा. त्यासाठी टब, मग, टॉवेल, साबण, मलम अशी किट आम्ही देतो.

तिरोड्याजवळच्या या घरात किट पोचली होती. तरी बाबाजींना ताप येतच होता. साबणावरची अक्षरंसुद्धा झिजली नव्हती. गुडघा वाकत नसल्यानं त्यांचा हात बोटांपर्यंत जात नव्हता. घरात दुसरं माणूस एकच, बहिणीची मुलगी निकिता. आणि आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची मामाच्या नाही.

"भाचीच्या हातानं पाय धुवून घेऊ? मले नरकात ढकलून राहिले काय, साहेब?"

"मंग बसा सडवत!" निकिता भडकली. "साहेब, माही नर्सिंगची ॲडमिशन झाली. होस्टेल गोंदियाले. पण यायले असं टाकून कशी जाऊ? मी नाही जात."

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. पोरीची सीट एका पायापायी जाऊ देणाऱ्यातला मी नाही.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन. "किट दिली, शिकवून झालं. आता तिथं कायले बसून राहिले?"

"सर, पाय अजून ओला आहे. भाचीला ते हात लावू देत नाहीत."

"भाचीचं ऐका म्हणा. समजावा त्यांना."

"समजावून मामा बदलत नाही, सर. मी पद्धत बदलतो."

अंगणात बांबू पडला होता. त्याची हातभर लांब कमची काढली. कडा तासून गुळगुळीत केल्या. टोकाला जुन्या धोतराचं मऊ फडकं जाड गुंडाळलं, कातडीला ओरखडा नको म्हणून. अशा तीन केल्या. एक साबणाची, एक पुसायची, एक मलमाची. फडकी रोज उकळून वाळवायची.

"येवढं शिकून शेवटी कमचीच तासली!" बाबाजी हसले.

"बी.एस्सी. झालो, कोयता नाही विसरलो. धरा."

खाटेवर बसून, पाय बुटक्या लाकडी पिढ्यावर ठेवून त्यांनी स्वतः एकेक बेचकं कोरडं केलं. निकिता हात मागे बांधून, दात खाऊन बघत राहिली. आठवडाभर मी रोज गेलो. मग तिनं बॅग भरली.

रोवणी झाली, धान कापून झालं, बाबाजींना ताप आला नाही. सूज आहे, ती राहणार. निकिता होस्टेलातून फोन करून त्यांना आधी पायाचंच विचारते.

नव्या कर्मचाऱ्यांना मी आता किट उघडण्याआधी दोन गोष्टी विचारायला सांगतो. पाय कोण धुणार? आणि तो पेशंटचा कोण लागतो?