सात वेळा तपासलेलं गाणं

अश्लील म्हणजे काय, हे ठरवायला आमच्या गावातल्या सहा माणसांना एक अख्खी दुपार लागली. सहाही जण धानाच्या बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, मालक, सहाही जण शाळेच्या संचालक मंडळात, आणि त्यांतल्या चौघांची सही करताना जीभ बाहेर यायची. गाव कुरखेड्याहून थोडं पुढं, शाळा खासगी. मी तिथं दहावीत होते आणि माझी सख्खी मोठी बहीण तिथंच पाचवी-सहावीला शिकवत होती. घरी ती ताई, शाळेत बाई.

ताई डी.एड. झालेली. दुसऱ्याच्या बांधीत न वाकता पोट भरणारी आमच्या घराण्यातली ती पहिली. पण दोन वर्षं झाली तरी ती तात्पुरतीच होती. "गॅदरिंग होऊ द्या, मंग तुमची ऑर्डर काढतो," असं अध्यक्षांनी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून माय दर पौर्णिमेला विहारात एक मेणबत्ती जास्त लावायची. ऑर्डर निघाली की माय रोवण्याला, धानाची रोपं लावायला, जाणं सोडणार होती. तिचे गुडघे चिखलानं खाल्ले होते.

म्हणून ताईला गॅदरिंगमध्ये काहीतरी नवं करायचं होतं. ते नवं तिला आरमोरीत सापडलं.

दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, आम्ही मावशीकडे आरमोरीला गेलो होतो. तिथं टिनाच्या शेडमध्ये व्हिडिओ लागला होता, बायकांचा शो दुपारी. दोन पिक्चरच्या मध्ये टेप उरली म्हणून व्हिडिओवाल्यानं एक परदेशी गाणं भरून ठेवलं होतं. समुद्राचा काठ, कोळ्यांची वस्ती, लाकडी खोक्यांवर हातानं ताल धरणारे म्हातारे. आणि रंगीत घागऱ्यातल्या बाया जाळं ओढता ओढता नाचताहेत. दोन पावलं मागे, वाकायचं, एक पाऊल बाजूला. बाकी बाया पिक्चर कधी सुरू होतो म्हणून ओरडत होत्या. ताई मात्र पुढं सरकून बसली आणि मला म्हणाली, "अवं, पाह्य ना! हे तर रोवणाच आहे!"

खरंच होतं. रोवणा लावणारी बाई मागे मागेच सरकते. वाकते, रोप खोचते, मागे होते. व्हिडिओवाल्याकडून ताईनं ते गाणं कॅसेटवर भरून घेतलं आणि आम्हा आठ मुलींचा नाच बसवला. अंगात लुगडी, डोक्यावर टोपल्या, हातात धानाच्या रोपांच्या पेंड्या. गाणं त्यांचं, पावलं आमची. मला वाटतं, त्या शाळेत तेवढं हुशारीचं काम त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नसणार.

आता माझं सांगते. त्या व्हिडिओतली एक बाई वळताना कमरेवर हात ठेवून कंबरेला एक झटका द्यायची. मला तो झटका फार आवडला होता. आरशासमोर मी तो घोटून घोटून पक्का केला. ताईनं दोनदा बजावलं, "कंबर नको. पावलं पुरे." मी हो म्हटलं. आणि अध्यक्ष तालीम पाहायला आले त्या दिवशी, नेमका त्याच दिवशी, मी तो झटका दिला. मी दिला म्हणून शेजारच्या दोघींनी दिला.

अध्यक्ष उठून उभे राहिले. "हे कंबर कुठून आलं?" ताई म्हणाली, "चुकून झालं, साहेब, काढून टाकते." पण साहेबांना आता मूळ पाहायचं होतं. जिथून हा नाच आला तो व्हिडिओच मंडळ तपासेल, असं ठरलं. मुलींच्या शीलाचा प्रश्न होता ना! आमच्या शीलाची एवढी काळजी त्याआधी कुणी केली नव्हती. शाळेत मुलींना मुतारी नव्हती, त्याचा प्रश्न मंडळाच्या एकाही बैठकीत कधी निघाला नव्हता.

टीव्ही, व्हीसीआर आणि ती टेप आरमोरीहून आली, भाड्याच्या जीपमधून, गोधडीत गुंडाळून. ऑफिसच्या खिडक्यांना स्टेजचे पडदे ठोकले. आम्हा आठ जणींना बाहेर व्हरांड्यात बसवलं, नंतर चौकशी करायला. ताईलाही बाहेरच बसवलं. तिनं दोनदा दार वाजवून "मी समजावून सांगू का?" असं विचारलं. "लागलं तं बोलवू," असं आतून उत्तर आलं.

गाणं सुरू झालं. संपलं. आत कुणीतरी म्हणालं, "एक डाव पाहून काही समजत नाई." पुन्हा लागलं. मग चहा गेला. मग एक सभासद उशिरा आले, त्यांच्यासाठी पहिल्यापासून. मग लाईन गेली. गावात लाईन गेली की माणूस उठून घरी जातो. हे सहा जण अंधारात, पडदे न काढता, दीड तास बसून राहिले. घरी कुणाची म्हातारी आजारी असती तर तिच्या उशाशी एवढा वेळ बसले नसते. लाईन आली, गाणं आलं. सात वेळा. मी बोटांवर मोजलं.

शेवटी इंग्रजीच्या सरांना बोलावलं. सर तालुक्यात इंग्रजीचे वाघ म्हणून ओळखले जायचे, कारण दुसरं कुणी इंग्रजी बोलत नव्हतं. दार अर्धं उघडं राहिलं होतं, मला सगळं दिसत होतं. अध्यक्षांनी विचारलं, "सर, याचा अर्थ काय होते?" सर टीव्हीकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांना एकही शब्द कळत नव्हता, हे मला बाहेरून दिसलं, आतल्या सहांपैकी एकालाही दिसलं नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "साहेब, अर्थ सांगण्याच्या लायकीचा नाही."

सहाही जण पुढं सरकून बसले. मग अध्यक्ष म्हणाले, "अस्सं! लावा बरं पुन्हा."

तेव्हा आठवी वेळ झाली. पण त्या वेळी त्यांना अर्थ माहीत होता, म्हणून ती मी तपासणीत धरत नाही.

बऱ्याच वर्षांनी नागपुरात नोकरीला असताना ती भाषा येणाऱ्या एका मैत्रिणीनं मला सांगितलं, की ते गाणं इंग्रजी नव्हतंच, स्पॅनिश होतं. माझ्याकडे ताईची कॅसेट अजून होती, तीच मी तिला ऐकवली होती. त्यातली बाई म्हणते, जाळं जड झालं आहे, हात दुखतात, होडी अजून परतली नाही. बस, एवढंच. सरांना "मले येत नाई" एवढं म्हणायला काय झालं होतं? पण तसं म्हटलं असतं तर वाघाचं मांजर झालं असतं. त्यांनी आपली अब्रू वाचवली आणि माझ्या बहिणीची उधळली.

मग आम्हाला एकेक करून आत बोलावलं. माझा नंबर पहिला. पडद्यांमुळे खोलीत बिड्यांचा धूर कोंडला होता. ताईलाही दाराशी उभं केलं होतं. अध्यक्षांनी मला विचारलं, "हे कंबर हलवणं कोनं शिकवलं तुमाले?"

मला फक्त 'माझं मीच केलं' एवढं म्हणायचं होतं. फार तर दोन छड्या बसल्या असत्या.

मी म्हटलं, "बाईनं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती "खोटं आहे" म्हणाली नाही. तिनं मान खाली घातली, कारण मी तिची बहीण होते आणि मला दहावी द्यायची होती. नाच रद्द झाला. त्या जागी एका पाहुण्याचं भाषण झालं. ऑर्डर निघाली नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येऊ नका, असा निरोप शिपायाबरोबर आला. मायनं मला काही विचारलं नाही. ताईनं तिला सांगितलंच नव्हतं.

त्या सहा जणांना मी आजही माफ करत नाही. पण त्यांना शिव्या देताना माझा आवाज जरा जास्तच चढतो, हे माझ्या लक्षात येतं.

आषाढात मायचे गुडघे पार बसले, म्हणून रोवण्याला ताई गेली. मीही गेले. बांधी अध्यक्षांची होती. ते छत्री घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे, जसे दरवर्षी असायचे. पंधरा बाया ओळीनं वाकलेल्या, लुगडी गुडघ्यांच्या वर खोचलेली, आणि साहेब सकाळपासून पाहत होते. एकदाही त्यांना त्यात वाईट काही दिसलं नाही. दुपारी ताईच्या ओळीशी येऊन ते खूश होऊन म्हणाले, "वा, बाईचा हात चांगला चालते. असंच मांगं मांगं या, लाईन सुटू देऊ नका."

दोन पावलं मागे, वाकायचं, एक पाऊल बाजूला. ताई सरकत होती. मी तिच्या डाव्या हाताला होते, इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता. "साहेब, ते कंबर माझं होतं," हे तेव्हाही म्हणता आलं असतं. मी रोप चिखलात खोचलं आणि मागे सरकले.