कातरणावरचं पाणी
शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही किरटं आहे, माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं.

हे ज्या गिरणीत होते ती बंद पडली, तेव्हा मी घरी विड्या वळायचे. पानं कापून उरलेल्या कातरणावर आंघोळीचं पाणी तापवायचे. आता मुलगा कमावतो, घरात गॅस आहे, तरी मी विडीवाल्या शेजारणींकडून कातरण मागून आणते.

"आई, लोक म्हणतील पोरगा गॅससुद्धा आणत न्हाय."

"म्हणू दे की. पाणी गरम हाय ना?"

त्याच्या शाळेसाठी मोहोळच्या नणंदेनं स्वतःची म्हैस विकून पैसे दिले होते, हे त्याला ठाऊक नाही. गॅसचे पैसे वाचतील तसे मी त्यांना देत राहिले. वन्सं आता फार थकल्या आहेत. त्या असेपर्यंत फेड व्हावी, एवढाच माझा घोर होता.

सोमवारी शेवटचे पाचशे घेऊन गेले.

"वैनी, कशाला गं? सोडले म्हटलं होतं की!"

"घ्या वन्सं, न्हायतर चहा घेणार न्हाय."

"लई हट्टी हाईस," म्हणत त्या हसल्या आणि नोट कपाळाला लावून उशाखाली ठेवली. म्हशीचे सगळे पैसे फिटले.