पूर्ण नावाची मॉनिटर

मॉनिटरने उभ्या जन्मात कुणाला अर्ध्या नावाने हाक मारली नाही. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एवढं सगळं उच्चारल्याशिवाय तिची हाक पुरी होत नसे. खिडकी लावायला सांगायची असो की मागच्या बाकावरची कुजबुज थांबवायची असो, "मंगला यशवंत केळकर, इकडं बघ." मंगला यशवंत केळकर म्हणजे मी. निदान तेव्हा मी होते.

शाळा कोलकात्याच्या बागबाजारातली, मुलींची, इंग्रजी माध्यमाची. माझे वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. त्यांची बदली वर्षाच्या मध्येच झाल्यामुळे केंद्रीय विद्यालयात जागा उरली नव्हती, म्हणून घराजवळची शाळा घेतली. सातवीच्या त्या वर्गात मराठी मुली दोनच, मी आणि मॉनिटर. पण दोघींच्या मराठी असण्यात फरक होता. आम्ही बदलीवर आलेले, तीन-चार वर्षांत जाणारे. तिचे आजोबा विट्याच्या बाजूने येऊन बऊबाजारात सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पडलेले, आणि ती इथेच जन्मलेली. घरी सांगलीकडची मराठी, गल्लीत बंगाली, शाळेत इंग्रजी. रागावली की तिन्ही एकदम बाहेर येत.

बंगाल्यांत मधे वडिलांचं नाव लावायची पद्धत नाही. मॉनिटरला ते अपुरं वाटे. "नुसतं शर्मिष्ठा घोष? म्हणजे गल्लीचं नाव लिहिलं आणि घराचा नंबर सोडला," असं ती म्हणे. तिने एकेकीला वडिलांचं नाव विचारलं आणि मधे घालून टाकलं. शर्मिष्ठा घोषची शर्मिष्ठा अमलेंदू घोष झाली. मुली आधी हसल्या. शर्मिष्ठाने घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा अमलेंदूबाबू इतके खूश झाले, की त्यांनी मॉनिटरसाठी मिठाईचा पुडा पाठवला. वर्गशिक्षिकांनी "ही कुठली पद्धत?" म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, आणि पुढे पुढे त्याही तशीच नावं घेऊ लागल्या.

ईरा बसूचे वडील घर सोडून गेले होते. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मॉनिटरने विचारल्यावर ईरा जमिनीकडे बघत राहिली. 

"आईचं नाव काय?" मॉनिटरने विचारलं.

"प्रतिमा."

"ईरा प्रतिमा बसू," असं म्हणून ती पुढच्या मुलीकडे वळली. याबद्दल ती नंतर कधी बोलली नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही.

वर्गाला मैदानावर किंवा गंगेच्या घाटावर न्यायचं असलं की फाटकापाशी ती सगळ्यांची नावं घेई. हातात कागद नसे. नाव घेतलं की मुलीने "हजर" म्हणायचं. स्वतःचं नाव मात्र ती घेत नसे. "मी मलाच कशी हाक मारू?" हा तिचा प्रश्न बिनतोड होता. मग शेवटी सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "सुरेखा बाबूराव माने." त्यावर ती "हजर" म्हणत नसे. "चला" म्हणे, आणि ओळ निघे.

दहावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात वडिलांची नागपूरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मॉनिटर आली. निरोपाचं काही बोलली नाही. "दहावीचं प्रमाणपत्र कुठं ठेवलंस?" एवढंच तिने विचारलं.

"बाबांच्या फाइलीत. ट्रकमध्ये."

"काढ. हातातल्या पिशवीत ठेव. ट्रकचा काय भरवसा."

मी काढून घेतलं. ते नागपूरला नीट पोहोचलं आणि पुढेही पुष्कळ वर्षं नीट राहिलं. गेलं ते ट्रकमुळे नाही.

माझं लग्न साताऱ्याला झालं. सासरच्या रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरून त्यात यजमानांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. त्या दुपारपासून मी अनुराधा श्रीकांत देवस्थळी झाले. मॉनिटरला मी या नावाने पत्र पाठवलं. उत्तरादाखल कार्ड आलं: "या नावाची मुलगी आपल्या वर्गात नव्हती. मंगला यशवंत केळकर हिचं लग्न झालं असल्यास तिचं अभिनंदन." मला जरा राग आला होता. पुढे पत्रं थांबली, पण ती या रागाने नव्हे. दोघींना मुलं झाली, एवढंच कारण.

यजमान बँकेत आहेत. निवृत्तीआधीची शेवटची बदली त्यांनी कोलकात्याला घेतली आणि आम्ही न्यू टाउनमध्ये राहायला आलो. मुलगा नोकरीला लागून दूर गेला होता. आजवर मी घराचा हिशेब ठेवला, तोही कुणाला चूक काढता येणार नाही असा. पन्नाशी ओलांडल्यावर एका कंपनीच्या हिशेब विभागात मला काम मिळालं. पगाराची पहिली नोकरी. सहा महिने कच्ची, मग कागद तपासून पक्की. कागदांत दहावीचं मूळ प्रमाणपत्र हवं होतं. नाव बदललं असेल तर शपथपत्र जोडा, ते चालेल, पण मूळ कागद पाहिजेच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मूळ कागद आमच्या पुण्याच्या बंद घरी माळ्यावरच्या फाइलीत होता. तिथे पाण्याचा पाइप फुटला आणि फाइलीचा लगदा झाला. कागद हरवल्याची पोलिसांत नोंद केली, नोटरीपुढे शपथपत्र केलं आणि शाळेत गेले. मंडळाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज शाळेमार्फतच जातो. कार्यालयातल्या बाबूंनी रजिस्टर शोधून काढलं. नोंद तिथे होती. पण त्यांनी माझं आधार कार्ड पाहिलं, रजिस्टर पाहिलं, आणि सौम्यपणे म्हणाले, "दीदी, ही मुलगी मंगला केळकर आहे. तुम्ही अनुराधा देवस्थळी आहात."

विवाहनोंदणी आम्ही केली नव्हती. लग्नपत्रिका फोनवर मागवून घेतली, तर तिच्यात मंगला. त्याच दुपारी तांदळात अनुराधा. मधल्या दोन-तीन तासांचा कागद कुठेच नव्हता, आणि तांदळाचा तर दुसऱ्या दिवशी भात झाला असणार. मुख्याध्यापिका माझ्याहून वयाने बऱ्याच लहान, पण कामाला चोख. त्या म्हणाल्या, "शपथपत्र हा तुमचाच शब्द झाला. तुमच्याबरोबर वर्गात बसलेल्या दोघी-तिघींना आणा. त्यांनी तुम्हाला ओळखलं, तर मी सही करीन." त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

मग बऊबाजारात गेले. गाळाईच्या दुकानांची ती गल्ली अरुंद आहे आणि तेजाबाच्या वासाने डोळे चुरचुरतात. दोन ठिकाणी विचारल्यावर दुकान सापडलं. मॉनिटर पुढे बसली होती. केस पांढरे, नाकावर चष्मा, समोर काटा.

"काय पाहिजे?" तिने वर न बघता विचारलं.

"मॉनिटर," मी म्हणाले.

तिने चष्मा वर केला. "मंगला यशवंत केळकर. बस. खुर्चीवरची पिशवी खाली ठेव आधी."

मी बसले. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी आलीस म्हणजे काम असणार."

"आहे."

"मग लाजतीस कशाला? सांग."

मी सगळं सांगितलं. तिने मधे एकदाच विचारलं, "विजेची बिलं कुठं होती?"

"ती कपाटात. कोरडी आहेत."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबेना. आतून तिचे यजमान संपतराव पाणी घेऊन आले. तेजाबाच्या धुराने तिची छाती गेली होती. डॉक्टरांनी दुकानात बसू नको म्हणून सांगितलं होतं. ती बसत होती.

श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "नाव बदलताना तुला विचारलं होतं का?"

"नाही. पद्धतच होती."

"माझ्या सासूनंपण काढलं होतं एक. प्रतिभा. मी म्हटलं, शाळेच्या रजिस्टरात बदल करायचा तर अर्ज लागतोय, त्यात कारण लिहावं लागतंय. कारण सांगा, मी लिहिते. त्यांना काय सुचलं नाही."

"अजून सुचलेलं नाही," संपतराव म्हणाले आणि आत गेले.

"सोमवारी अकराला शाळेच्या फाटकात ये," मॉनिटर म्हणाली. "बाकीच्यांचं मी बघते."

सोमवारी फाटकात पाच बायका उभ्या होत्या. शर्मिष्ठा मला ओळखू आली नाही. ईरा ओळखू आली, कारण मान एका बाजूला कलती ठेवायची तिची सवय तशीच होती. कुणी काही बोलायच्या आत मॉनिटरने फाटकाचा गज धरला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. दोन नावं झाली की ती थांबून दम घेई. पन्नाशीच्या बायका रस्त्यात "हजर" म्हणत होत्या आणि फुचकावाला, म्हणजे इथला पाणीपुरीवाला, बघत होता. शेवटी सगळ्यांनी तिचं नाव घेतलं. "चला," ती म्हणाली.

आत मात्र ती आली नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसली. "मी मराठी, ती मराठी. गाववाली म्हणून खोटं बोलते म्हणतील. माझी साक्ष नको."

मुख्याध्यापिकांनी एकेकीला आत घेतलं. मी कोपऱ्यात उभी होते. त्यांनी शर्मिष्ठाला विचारलं, "या कोण?"

"मंगला यशवंत केळकर."

त्यांनी रजिस्टरात पाहिलं. "यशवंत कोण?"

"हिचे वडील."

दुसरीने तेच सांगितलं. तिसरीनेही. ईरा शेवटी आली आणि तिनेही तेच नाव घेतलं, तेव्हा मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या वर्गमैत्रिणींच्या वडिलांची नावं मला एकसुद्धा आठवत नाहीत. तुम्हाला या परप्रांतातल्या मुलीच्या वडिलांचं नाव कसं आठवतं?"

ईरा म्हणाली, "आमच्या वर्गात कुणाला अर्धं नाव नव्हतं, मॅडम."

त्यांनी सही केली. शिक्का बाबूंनी मारला.

बाहेर येऊन आम्ही भांडातून चहा घेतला. मातीच्या त्या पेल्याला इथे भांड म्हणतात. शर्मिष्ठा म्हणाली, "ही पहिल्या दिवशी माशाच्या वासाने डबा घेऊन जिन्यात जाऊन बसली होती."

"आणि पूजेच्या सुटीआधी माझ्या डब्यातला मासा चोरला," ईरा म्हणाली.

"चोरला नाही. मागितला होता," मी म्हणाले.

"मागितलास कुणाकडे? मी तर वर्गात नव्हते."

"माझ्याकडं मागितला होता," मॉनिटर म्हणाली. "मी हो म्हटलं. तुमच्यापैकी कुणाच्या डब्यात काय, ते मला माहीत असायचं."

"म्हणजे चोरी मॉनिटरने केली," शर्मिष्ठाने निकाल दिला. मॉनिटरने तो मान्य केला नाही. हा वाद मिटायच्या आत दुसरा चहा झाला. मला बंगालीत बोलताना शब्द अडत होते, आणि चौघी मिळून ते पुरवत होत्या.

तिला टॅक्सीत बसवताना मी म्हणाले, "प्रमाणपत्र आलं की दाखवायला आणते."

"आण. नाव नीट छापलंय का बघू." मग काच खाली करून तिने विचारलं, "घरी तुला अनुराधाच म्हणतात ना?"

"हो."

"म्हणू देत. चांगलं नाव आहे. मी म्हणणार नाही."

प्रमाणपत्र यायला थंडी उजाडली. नाव नीट होतं. कंपनीने ते पाहिलं, छायाप्रत ठेवून घेतली, आणि मी पक्की झाले. यजमानांनी कागद हातात घेऊन वाचला. "मंगला यशवंत केळकर," असं मोठ्याने म्हणून पाहिलं. मग नाश्त्याला काय आहे ते विचारलं. रविवारी बऊबाजारात जायचं मी ठरवलं होतं. शनिवारी सकाळी संपतरावांचा फोन आला. थंडीत इथे धूर खाली बसतो. तिची छाती तेवढा धूर पेलू शकली नाही.

तिच्या घरी दुखवट्याला सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं आणि जमायची जागा कुणी न सांगता शाळेचं फाटक ठरली. त्या दिवशी आम्ही तिथे वेळेवर पोहोचलो. प्रमाणपत्र माझ्या हातातल्या पिशवीत होतं. ते का घेतलं होतं हे मला सांगता येणार नाही. सगळ्या आल्या होत्या, तरी कुणी निघेना. कुणी चप्पल नीट केली, कुणी फोन पाहिला. आपण कशासाठी थांबलो आहोत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मग मी नावं घेतली. शर्मिष्ठा अमलेंदू घोष. ईरा प्रतिमा बसू. पुढच्या दोघी. वडिलांची नावं मलाही चुकली नाहीत. माझी पाळी आली तेव्हा मी थांबले, आणि ईराने माझं नाव घेतलं, पूर्ण. मी "हजर" म्हणाले. त्यानंतर सवयीने सगळ्यांच्या तोंडून एकदमच आलं, "सुरेखा बाबूराव माने."

ओळ तशीच उभी राहिली. मागून रिक्षावाला घंटी वाजवत होता.

"चला," मी म्हणाले.