मराठीत सांग बे

हिंदी मालिकांचे विनोद लिहायचो मी, पण पास-नापास करायचे बाबा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हापासूनची ही रीत. मी हिंदीत सीन वाचला की ते हात वर करायचे, "आता मराठीत सांग बे." माणूस नागपूरचा. सारी नोकरी दिल्लीच्या कचेरीत गेली, पण ते 'बे' काही सुटलं नाही. मराठीत ऐकूनही हसले तर सीन चॅनेलला जायचा. नाही तर एकच शब्द: "खोटं." मग मी चिडायचो, पाय आपटत आत जायचो आणि नवा लिहायचो. करतो काय, म्हाताऱ्याचं बरोबर असायचं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हिंदी पार पुसली गेली, मराठीचेही चार-दोन शब्दच उरले. आणि हसू मोकाट सुटलं. सुई टोचली तरी हसायचे, आई रडली तरी हसायचे. डॉक्टर म्हणाले, "हे हसणं खरं नव्हे. मेंदूला इजा झाली की असं होतं. त्यांना कितपत समजतंय, सांगता येणार नाही." मला तेवढंच कळायला हवं होतं: बाबांना समजतंय की नाही. म्हणून रोज नोएडाच्या स्टुडिओतून आलो की पलंगाशी बसून सीन मराठीत सांगायचो. ते प्रत्येक ओळीला हसायचे. च्यायला, जन्मभर ज्या हसण्यावर पोट भरलं, तेच ऐकून अंगावर काटा यायचा.

त्यातच मालिकेतल्या आजोबांचं काम करणारे नट सोडून गेले. आमच्या धंद्यात नट गेला की पात्राला मारायचं, सोपा हिशेब. चॅनेलच्या मॅडम म्हणाल्या, "सर, कॉमेडी बहुत हो गई, अब रुलाइए." रडवलं मी. आजोबा उशीला टेकून नातवंडांना उपदेश करतात, सुनेला माफ करतात आणि मान टाकतात. अर्धा एपिसोड मरतच होते!

संध्याकाळी बाबांना सांगायला बसलो. ते सुरुवातीपासून हसत होते. मान टाकण्यापर्यंत आलो आणि हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. जीभ अडखळली, पुन्हा अडखळली.

"खोटं," ते म्हणाले.

मी लहान पोरासारखा रडलो. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "समजतंय गं त्यांना," एवढंच मला बोलता आलं. आणि बोलता बोलताच लक्षात आलं, म्हणजे सगळंच समजतंय. आम्ही डायपर बदलतो तेही, त्यांच्या उशाशी बसून लोक बोलतात तेही. तो आनंद चहा निवेपर्यंतसुद्धा टिकला नाही.

सीन मी नव्यानं लिहिला, बिनभाषणाचा. चॅनेलनं पहिलाच दाखवला.

पुढच्याच महिन्यात बाबा गेले, भरदुपारी. बुद्धवंदना झाल्यावर नातेवाईक माझ्याभोवती जमले. "शेवटी काय म्हणाले रे?" मुलगा लेखक, तेव्हा काहीतरी छान ऐकायला मिळेल, असं सगळ्यांना वाटत होतं.

"पंखा कमी कर, म्हणाले."

"आणि?" काकांनी विचारलं.

एक चांगलं वाक्य जिभेवर आलंही होतं. समोर बाबांचा रिकामा पलंग होता. मी ते गिळलं.

"आणि काही नाही, काका. पंखा कमी केला मी."